चीक विकायचा नसतो

मढच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत पूर्वी कधी कुणी चीक विकला नव्हता. म्हैस व्याली की आधी रेडकाचं पोट भरायचं, मग उरलेला चीक वाटीवाटीनं शेजारीपाजारी जायचा, आणि वाटी परत येताना तिच्यात मूठभर तांदूळ असायचे. मग वाडीचं दूध नेणाऱ्या कंपनीला शोध लागला, की शहरातल्या जिममध्ये घाम गाळणाऱ्यांना चिकाची पावडर लागते. दूध सेंटरच्या भिंतीवर पोस्टर आलं. त्यात एक गोरी बाई डबी हातात धरून हसत होती. वाडीतली प्रयागबाई येताजाता तिला विचारायची, "रेडकाच्या तोंडचं खाऊन हसतीस काय गं?" आणि ते अगदी मनापासून, रागानं.

आज पहाटे तिची म्हैस व्याली. रेडकू पोटभर पिऊन आडवं झालं, तोवर सूरज, तिचा मुलगा, गोठ्याच्या दारात येऊन उभा.

"आई, राहिलेला चीक सेंटरवर घाल. जो चीक देणार न्हाई, त्याचं रोजचं दूधबी घेणार न्हाई म्हणत्यात. दूध बंद झालं तर आपुन खायाचं काय?"

प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चिकाची किटली उचलली आणि तरातरा निघाली. सूरजला वाटलं, म्हातारी नमली एकदाची.

सेंटरवर बायांची रांग होती. काट्यामागं दादाभाऊ बसला होता. नात्यानं पुतण्या, त्याच्या बारशाला प्रयागबाईनंच पाळणा हलवला होता. दारात कंपनीची गाडी उभी.

"या काकी. चीक हिकडं द्या."

"दादाभाऊ, तुझी आई बाळंत झाली, तवा तिचं दूध कुणाला इकलं व्हतं का रं?"

रांगेत खसखस पिकली. दादाभाऊ लाल झाला. "नियम मी न्हाई केला काकी. वरनं आलाय."

"वरनं पाऊस येतो. नियम माणसंच करत्यात." ती रांगेकडं वळली. "झाकणं पुढं करा गं. चिकाचा वाटा आज हितंच घ्या."

एकही झाकण पुढं आलं नाही. बाया आपापल्या कॅनकडं बघत राहिल्या. प्रयागबाईला दादाभाऊपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला. "कंपनीला भिता, आन मला तोंड दाखवाया लाजत न्हाई व्हय गं?"

तेव्हा शेजारची साळुबाई रांगेतून बाहेर आली. आठ दिवसांपूर्वी तिची म्हैस व्याली होती, आणि चिकाची वाटी आली नाही म्हणून प्रयागबाई तिच्याशी बोलतही नव्हती. साळुबाईनं कॅनचं झाकण पुढं धरलं.

"माझं रेडकू मेलं काकी. परवा. कुणाला सांगितलं न्हाई. पयल्या धारंपासनं समदा चीक ह्या गाडीत घातला. म्हणलं, दूध बंद करतील. त्याला थेंबबी दिला न्हाई मी."

आठ दिवसांच्या अबोल्याची प्रयागबाईला लाज वाटली, आणि त्या लाजेनं तिचा राग आणखी पेटला. तिनं झाकण काठोकाठ भरलं. "तू न्हाई मारलंस त्याला," ती मोठ्यानं म्हणाली, गाडीवाल्याला ऐकू जाईल असं.

रत्ना, दादाभाऊची बायको, रांगेत पहिली होती. तिचा कॅन काट्यावर चढला होता. तिनं तो खाली उतरवला.

"अगं, तुला काय झालं?" दादाभाऊ ओरडला.

"चीक मागायचं सोडा, मंग दूध घालू," ती म्हणाली आणि कॅन घेऊन चालू लागली.

मग दुसरी, मग तिसरी. कुणी कुणाला हाक मारली नाही. कॅन उचलल्याचा तेवढा आवाज होत होता. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. कुणी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दादाभाऊनं घाईघाईनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा साहेब दरडावत असावा, कारण हा बराच वेळ नुसताच हं हं करत होता. शेवटी त्यानं रिकाम्या अंगणाकडं पाहिलं.

"दूध बंद करतो साहेब," तो म्हणाला, "पण कुणाचं करू? हितं कोणच राहिलं न्हाई."