त्रेपन्नचे तेरा आणि शहाऐंशीचे तेरा

मी एक जुनं टेबल आहे. जेवायचं नाही आणि लिहायचंही नाही. माझ्यावर माणसं पालथी पडतात. ब्रॅकनशॉच्या रग्बी लीग क्लबात, खेळाडूंच्या खोलीत, मालिश करून घेणाऱ्यांसाठी मी उभं आहे. उभं आहे म्हणजे उभंच आहे. मला मोडीत काढायचे बेत पुष्कळांनी केले, पण मी कोणाला दाद दिली नाही.

मित्रांनो, माझा जन्म गावच्या कोळशाच्या खाणीवर झाला. खाणीचं छत तोलून धरायला जे लाकडी खांब लावतात, त्यातल्या चार खांबांचे माझे पाय झाले. खाणीच्या सुताराने ते ठोकून पाहिले आणि म्हणाला, "डोक्यावर डोंगर तोलणारं लाकूड आहे. तेरा दांडगे काय जड आहेत त्याला!" वरची गादी चामड्याची. तिच्यात खाणीतल्या तट्टांच्या शेपटीचे केस भरले. असा माझा जन्म. मग मी नाजूक कसं निघणार?

आमच्या गावात रग्बी म्हणजे तेरा जणांचं. पंधरा जणांचंही असतं म्हणे, पण त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही. माझ्यावर पहिला नावाजलेला संघ पालथा पडला तो त्रेपन्न सालचा. सगळे खाणकामगार. शनिवारी सकाळची पाळी संपवून दुपारी मैदानात उतरायचे. त्यांची एक समजूत होती: पाठ धुतली की कणा कमजोर होतो. हातपाय, तोंड, छाती सगळं घासायचे, पाठ मात्र काळीच. मालिशवाला ड्रान्सफील्ड पाय रगडायचा, खांदे रगडायचा, पण पाठीला हात लावायला गेला की खालून डरकाळी यायची. माझ्या चामड्यावर तेव्हा कोळशाचा थर बसला, तो पुढे कोणाला निघाला नाही. मला त्याचा अभिमान आहे.

त्या संघात अर्नेस्ट ओल्डरॉइड होता. सगळे त्याला अर्नी म्हणायचे. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी भिडवून ढकलाढकली करतात तिथे, मधोमध लोंबकळून पायाने चेंडू मागे ओढणारा गडी. आणि होता क्लेम, त्याचा जिवलग. कोलफील्ड चषकाच्या अंतिम सामन्यात क्लेमचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. गेला तो गेला, उरलेल्या बारा जणांनी निभावायचं. ड्रान्सफील्डने त्याचा हात छातीशी करकचून बांधला. पालथ्या पडलेल्या क्लेमने माझ्या चामड्यात तोंड खुपसून म्हटलं, "मला फार भीती वाटतेय." मग उठला, अर्नीकडे बघून हसला आणि मैदानात परत गेला. चषक आमच्या गावात आला.

हे मला फार लवकर कळलं, मित्रांनो. माणूस उभा असताना एक बोलतो आणि पालथा पडला की दुसरं. पालथं पडल्यावर समोर कोणाचा चेहरा नसतो, म्हणून खरं बोलायला जड जात नाही. ब्रॅकनशॉच्या पुरुषांना चांगलं बोलायला एरवी फार जड जातं.

पुढे वर्षं गेली आणि शहाऐंशीचा संघ आला. हाही खाणकामगारांचाच. संपाचं आख्खं वर्ष त्यांनी एकत्र उपाशीतापाशी काढलं होतं आणि खाण बंद पडणार हे त्यांना कळून चुकलं होतं. ते पाठ धुवायचे. गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली मनसोक्त उभे राहायचे आणि म्हाताऱ्यांना चिडवायचे. या संघाचा कप्तान होता कीथ ओल्डरॉइड, अर्नीचा मुलगा. त्यांनीही कोलफील्ड चषक जिंकला. पण अंतिम सामन्यात कीथच्या बरगड्या तडकल्या आणि त्याला बाहेर काढून बदली गडी पाठवला. कीथ माझ्यावर पडून ढसाढसा रडला. सामना जिंकल्यावर अर्नी खोलीत आला. मुलाला शाबासकी देईल असं मला वाटलं. तो म्हणाला, "आमचा क्लेम परत गेला होता."

एवढंच. टोपी घातली आणि निघून गेला. मला पाय असून चालता येत नाही याचं तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं. नाहीतर मागे जाऊन त्या माणसाच्या नडगीवर आपटलं असतं.

त्या दिवसापासून बापलेकांचं एकच भांडण. कोणाचे तेरा मोठे? दर शनिवारी, सामन्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही बाजूंनी तोंडपाठ.

"आम्हाला बदली खेळाडू नव्हते," अर्नी सुरुवात करायचा.

"आणि टॅकलची मोजदादही नव्हती," कीथ म्हणायचा. "कितीही वेळा पाडा, चेंडू तुमचाच. पोटाशी धरून बसायचे नुसते, अंड्यावर कोंबडी बसते तसे. आम्हाला सहा वेळा पाडलं की चेंडू द्यावा लागायचा. त्या सहात डोकं चालवावं लागतं, बाबा."

"डोकं? तुमच्या स्क्रमात डोकी लागायचीच नाहीत. गळाभेट असायची ती!"

"आमचे गडी तुमच्यापेक्षा दुप्पट पळायचे."

"पळणारच. मागे आमच्यासारखे कोणी लागले असते तर अजून पळाले असते."

गावाला मजा वाटायची. चहाच्या खिडकीतली डोरीन दोघांच्या पुढ्यात कप आदळून म्हणायची, "घ्या, त्रेपन्नचा चहा आणि शहाऐंशीचा चहा. किटली एकच आहे, बरं का!" पण मला हसू येत नसे. कीथला चषक नको होता, वाद जिंकायचाही नव्हता. बापाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'तुम्ही चांगले होतात' एवढं त्याला ऐकायचं होतं. हे त्याने माझ्याजवळ किती वेळा कबूल केलं आहे.

मधल्या काळात माझे दिवस फिरले. घडीचं टेबल आलं. हलकं, निळं, चाकांवरचं. मला कोठीच्या खोलीत ढकललं. तिथे माझ्यावर मैदानावर रेघा मारायच्या चुन्याची पोती रचली. चामडं तडकलं, एका पायाला ओल लागली. जे डोंगर तोलायला जन्मलं त्याने चुना तोलावा! पण मी मनाशी म्हटलं, पाय सोडायचे नाहीत. आणि नाही सोडले.

मग जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या दिवाणखान्यात प्रवेशदाराच्या समोर एका मोठ्या फोटोची जागा. गावातला सर्वांत मोठा संघ कोणता, ते ठरवून त्याचाच फोटो लागणार. मतदान पुढच्या शनिवारी, आणि अर्नी क्लबाचा अध्यक्ष. आता भांडणाला धार चढली. आठवडाभर आधी, कोठीच्या उघड्या दारातून मी बघत असताना, खेळाडूंच्या खोलीत दोघे असे पेटले की अर्नीने कोट काढला.

"स्क्रम म्हणजे काय ते दाखवतो तुला. ये, वाक!"

"बाबा, सत्तरी उलटली तुमची."

"वाक म्हणतो ना! घाबरतोस काय?"

कीथ वाकला. शेजारचे दोघे हसत हसत बाजूंनी भिडले. अर्नी त्यांच्या गळ्यात हात टाकून मधोमध लोंबकळला आणि चेंडूला पाय मारायला गेला. कडकन आवाज झाला. चेंडू जागेवरच राहिला. अर्नी मात्र चतकोर भाकरीसारखा दुमडला तो सरळच होईना.

त्याला त्या निळ्या घडीच्या टेबलावर ठेवलं. त्याने एकदा कूस बदलली आणि घडीच्या टेबलाने आपल्या नावाप्रमाणे घडी घातली. डोरीन ओरडली, "अरे, ते जुनं काढा की कोठीतलं!" चुन्याची पोती उतरली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर माणूस आला, आणि तो अर्नी. मी दातओठ खाऊन उभं राहिलं. ओल लागलेल्या पायाला बजावलं, आज डगमगलास तर याद राख.

डोरीनने सगळ्यांना बाहेर घालवलं. बापलेक दोघेच उरले.

"सदरा काढतो," कीथ म्हणाला. "गरम पाण्याने शेकावं लागेल."

"पाठीला पाणी लावायचं नाही."

"खाण बंद होऊन किती वर्षं झाली, बाबा!"

"कणा जातो पाण्याने. तुझ्या आईलाही कधी लावू दिलं नाही."

"कणा गेलाच आहे आता. त्यामुळेच पडलात ना इथे?"

कीथने फडकं गरम पाण्यात पिळलं आणि त्या पाठीवर ठेवलं. कोणी कधी न धुतलेली पाठ. कातडीखाली निळ्या रेघा होत्या. खाणीत लागलेल्या जखमांत कोळसा राहिला की अशा रेघा उरतात, जन्मभर. कीथच्या पाठीवरही दोन आहेत. तो प्रत्येक रेघेवरून हळूच फडकं फिरवत राहिला. मग तेल घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी रगडू लागला.

आणि मग अर्नीने माझ्या चामड्यात तोंड खुपसून, अगदी पुटपुटत म्हटलं, "तुमच्या पोरांनी आम्हाला लोळवलं असतं."

कीथचे हात थांबले. पाठीवर तळवे असले की आतला आवाज तळव्यांना कळतो. पण तो म्हणाला, "काय म्हणालात?"

"काही नाही. जोर लाव. हाताला लोणी लागलंय का तुझ्या?"

कीथने जोर लावला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी बापाच्या पाठीवर पडलं, पण तिथे आधीच पाणी होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

शनिवारी मतदान माझ्याच भोवती झालं, कारण बसायला दुसरी खोली उरली नव्हती. हात वर करून मत द्यायचं. मतं सारखी पडली, आणि राहिले बापलेक दोघे. अर्नी काठी टेकत उठला.

"माझं मत त्रेपन्नला," तो म्हणाला. "तेरापैकी मी एकटा उरलोय. मेलेल्यांना हात वर करता येत नाही. मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो नाही तर कोण राहील?"

आता कीथने शहाऐंशीला मत दिलं की पुन्हा बरोबरी, मग पुन्हा भांडण. कीथने हात वर केला.

"त्रेपन्न," तो म्हणाला.

अर्नी त्याच्याकडे संशयाने बघत राहिला. "काय झालं तुला? डोक्यावर पडलास की काय?"

"त्यांचा गडी अजून ढकलतोय," कीथ म्हणाला. "आमच्या पोरांना थांबायला वेळ आहे."

फोटो लागला. त्यात क्लेम छातीशी हात बांधून हसतो आहे. आणि डोरीनच्या हट्टामुळे नव्या इमारतीत मीही आलं. घडीचं टेबल परत गेलं.

पण माझ्या जिवाला चैन नव्हती. अर्नीने खरं सांगितलं ते मला. कीथने ऐकलं, पण ऐकलंय हे बापाला सांगितलं नाही. दोघेही शहाणे, दोघेही हटवादी. अर्नी ऐंशीला टेकला तरी ती गोष्ट माझ्याच गादीत पडून. मी ठरवलं, हे असं चालू द्यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात थंडीने कीथच्या जुन्या बरगड्या दुखायला लागल्या. तो येऊन माझ्यावर पालथा पडला आणि माझ्या चामड्यात पुटपुटला, "मला ऐकू आलं होतं, बाबा."

त्याच वेळी दार उघडलं. दोन कप चहा घेऊन अर्नी दारात उभा. मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण ओल लागलेला पाय माझ्याजवळ होता. आजवर ज्याला दटावून गप्प ठेवलं होतं, त्याला मी म्हटलं, आता कर तुला काय करायचं ते. आणि मी असं कर्रकन वाजलं की कीथ दचकला, मोडतंय म्हणून झटकन उलटला आणि उताणा झाला. समोर बापाचा चेहरा.

"म्हातारं झालं हे टेबल," अर्नी म्हणाला. "काय म्हणत होतास तू?"

कीथने छताकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते मला ऐकू आलं होतं."

अर्नीने दोन्ही कप खिडकीत ठेवले. टोपी काढली, पुन्हा घातली. निघून जाईल असं मला वाटलं. गेला नाही.

"किती गुणांनी लोळवलं असतं?" कीथने विचारलं.

"कोरड्या मैदानावर?"

"कोरड्या."

अर्नीने बराच विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं त्याला. "दहा," तो म्हणाला. "तू शेवटपर्यंत मैदानात असतास तर बारा."

कीथ उठून बसला.

"आणि चिखलात?"

"चिखलात," अर्नी म्हणाला, "आमच्या नादी लागू नका."

दोघांनी गार झालेला चहा प्यायला. एक जण माझ्यावर बसून, दुसरा मला टेकून. मी दोघांना तोललं.

तर मित्रांनो, जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेल द्या, ओलीत ठेवू नका, चुन्याची पोती तर मुळीच रचू नका. आणि कोणाचं कौतुक करायचं असेल तर आमच्यासारख्या टेबलाला सांगत बसू नका. आम्हाला चालत जाऊन निरोप पोचवता येत नाही. उताणे व्हा, समोरच्याच्या तोंडाकडे बघा आणि सांगून टाका. तोवर मी आहेच उभं.