समोरून उघडणारा स्वेटर

समीक्षा धावायला लागली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही चिडून. नवऱ्याच्या कंपनीत कुटुंबांसाठी खेळ ठेवले होते. बायकांच्या शर्यतीत ती अर्ध्यात धापा टाकत खाली बसली आणि सगळे हसले. नवरा सुजयही हसला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती अष्टमी गावातल्या घरातून निघाली, पूल ओलांडून रोह्याच्या बाजूला गेली आणि नदीकाठच्या रस्त्याने जमेल तेवढी पळून आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग ते सुटलंच नाही.

तिची धाकटी बहीण प्रतिक्षा पेणला रामवाडीत एकटीच राहायची. लग्न मोडून ती माहेरी आली तेव्हा आई होती, पुढे आईही गेली. हमरापूरच्या एका कारखान्यात ती गणपतींचे मुकुट आणि दागिने रंगवायची. तो हात तिचा चांगला होता. बाकी सगळं तिच्याकडून अर्धवट राहायचं. शिवणाचा क्लास अर्धा, पार्लरचा कोर्स अर्धा. "आणि संसार पण अर्धाच," असं ती स्वतःच म्हणायची, म्हणजे मग दुसऱ्या कुणाला म्हणता येत नसे.

भाऊ नसल्यामुळे भाऊबीजेला दोघी बहिणीच एकमेकींना ओवाळत. त्या वर्षी अष्टमीला ओवाळून झाल्यावर समीक्षा म्हणाली, "या जानेवारीत इथं शर्यत हाय. मी पाच किलोमीटर धावणार. आणि पुढच्या जानेवारीत एकवीस."

"एकवीस? ताई, डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

"हाय. आता तू सांग, वर्षभरात काय करशील?"

"मी काय करणार? गणपती रंगवणार."

"ते पोटासाठी. एक कायतरी तुझं म्हणून पुरं कर गो, प्रतू."

प्रतिक्षाला राग आला, पण खोटं काही नव्हतं. जरा वेळाने ती म्हणाली, "पहाटे नदीवर गारठा असतो म्हणतेस ना? स्वेटर विणते तुला. आईच्या सुया हायत घरात."

"बघ हां. एकवीस किलोमीटरला घालून उभी राहीन. अंग तापलं की काढून ह्यांच्याकडे देईन."

सुजय पलीकडून म्हणाला, "म्हणजे मी स्वेटर धरून उभा राहायचं."

"मग काय, तुम्ही काय धावणार?" समीक्षा म्हणाली, आणि तिघंही हसले.

प्रतिक्षाने पेणच्या बाजारातून गडद हिरवी लोकर आणली. आई शिकवायची तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, त्यामुळे मोबाईलवर बघून बघून टाके घालायला लागली. पहिली बॉर्डर तिने किती वेळा उसवली त्याला हिशेब नाही. एक टाका खाली गळालेला असायचा आणि चार ओळी वर गेल्यावर दिसायचा. पण डिसेंबर सरता सरता सुलट-उलट हाताला बसलं. संध्याकाळी कामावरून आली की ती चहा घेऊन विणायला बसायची, आणि घरात कुणी नाही हे त्या वेळेपुरतं विसरायची.

जानेवारीत समीक्षा पाच किलोमीटर धावली. प्रतिक्षा पेणहून पहिल्या गाडीने रोह्याला गेली होती. ताई लाल चेहऱ्याने पुलावरून येताना दिसली तेव्हा ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. तोपर्यंत स्वेटरची पाठ बगलेपर्यंत आली होती.

उन्हाळ्यात लोकर हाताला चिकटायला लागली. तरी मे महिन्यात पाठ पुरी झाली आणि प्रतिक्षाने पुढच्या भागाला हात घातला. त्याच सुमारास ती दोन दिवस अष्टमीला राहायला गेली. समीक्षा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे चालली होती, तेवढ्यात तिच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली. तिने पाय मागे घेऊन चप्पल घातली. पुढे जाते तर पुन्हा निसटली.

"सैल झालीय वाटतं," प्रतिक्षा म्हणाली.

"नवीन हाय गो. पायच कंटाळल्यासारखा करतो. फटकन आपटतो जमिनीवर." समीक्षाने पोटरी दाखवली. कातडीखाली काहीतरी बारीक बारीक उडत होतं, आपोआप. "बघ, धावून आले की अशी नाचते."

दोघी ते बघत बसल्या. प्रतिक्षाला गंमत वाटली होती. पुढे कितीतरी दिवस तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पाऊस लागला आणि हमरापूरला श्वास घ्यायला सवड उरली नाही. ओल्या हवेत रंग सुकायचे नाहीत, गिऱ्हाइकांचे फोन थांबायचे नाहीत. प्रतिक्षा रात्री घरी येऊन तशीच पडायची. फोनवर ताई सांगायची, पुलावर पाय घसरून पडले, हनुवटीला टाके पडलेत, सध्या धावणं बंद आहे. मग सांगायची, पाय मुरगळलाय, पट्टा बांधलाय. एकदा म्हणाली, मुंबईला जाऊन दाखवून आलो, काही विशेष नाही. तिचा आवाज थकलेला वाटायचा. प्रतिक्षाला वाटलं, धावणं बंद झालं म्हणून नाराज असेल.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सुजय कारखान्यात आला. दरवर्षी तो त्यांच्या घरची मूर्ती न्यायला यायचा. प्रतिक्षाने मूर्ती वेगळी ठेवली होती, तिचा मुकुट स्वतः दोनदा उजळला होता. ती हातातला सोनेरी ब्रश तसाच धरून म्हणाली, "या भावोजी. तुमचा तयार हाय. प्लास्टिक बांधून देते."

सुजय मूर्तीकडे बघत उभा राहिला. त्याची दाढी वाढलेली होती.

"तुला काय सांगितलंय तिनं?"

"पाय मुरगळलाय म्हणून."

"मुरगळला नाय." त्याने आजूबाजूला बघितलं. रंगकाम करणाऱ्या बायका बोलत होत्या, रेडिओ चालू होता. "नसांचा आजार हाय. मेंदूकडून निरोप जातो ना, तो पोचत नाय. एकेक स्नायू बंद पडत जातो. आधी पाय. आता हात पण सुरू झालाय."

"मग औषध?"

"हाय एक. त्यानं जरा उशीर होतो म्हणे. थांबत नाय." तो पुढे म्हणाला, "तिनं शपथ घातलेली, गणपती होईपर्यंत प्रतूला सांगू नका, तिचा सीझन हाय. पण मला नाय गो ठेवता येत आता पोटात."

प्रतिक्षाने ब्रश पाण्यात टाकला. मूर्तीला प्लास्टिक गुंडाळलं, दोरी बांधली, गाडीपर्यंत नेऊन दिली. हे सगळं तिने नीट केलं. गाडी गेल्यावर ती कारखान्यामागे, पीओपीच्या रिकाम्या गोण्या टाकतात तिथे जाऊन बसली. बाकीच्या बायका तिला बोलवायला आल्या नाहीत. सुजयचा चेहरा त्यांनीही बघितला होता.

विसर्जनाची वाट न बघता ती अष्टमीला गेली. समीक्षा गॅलरीत खुर्चीवर बसली होती, बाजूला काठी. प्रतिक्षा दारातूनच ओरडली, "मी काय परकी हाय? गणपती महत्त्वाचे का तू?"

"आधी आत तर ये."

"नाय, सांग मला."

"अगो, सांगून काय झालं असतं? तू रडली असतीस, मी रडले असते. तेवढे दिवस तरी एक माणूस होतं, माझ्याशी सरळ बोलणारं. 'ताई, कधी धावायला लागतेस' असं विचारणारं. ह्यांनी विचारणं बंदच केलंय."

प्रतिक्षा खाली बसली आणि ताईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. समीक्षाचा डावा हात तिच्या केसांवर आला. उजवा मांडीवरच राहिला.

बऱ्याच वेळाने समीक्षा म्हणाली, "स्वेटर आणलायस?"

पिशवीत होता. पाठ आणि पुढचा भाग झाला होता, खांदे जोडलेले होते, बाह्या राहिल्या होत्या. बंद गळ्याचा, डोक्यातून घालायचा. प्रतिक्षा म्हणाली, "माप बघूया, हात वर कर."

समीक्षाने हात वर केले. डावा कानापर्यंत गेला. उजवा छातीपर्यंत येऊन थांबला आणि थरथरायला लागला. तिने दात आवळले, पण तो वर गेला नाही. प्रतिक्षाने डोक्यातून स्वेटर घालायचा प्रयत्न केला, तो अडकला. ताईचं तोंड हिरव्या लोकरीत झाकलं गेलं आणि आतून तिचा श्वास जोराने ऐकू आला. प्रतिक्षाने घाबरून स्वेटर ओढून काढला. ताईचे केस विस्कटले होते.

"राहू दे," समीक्षा म्हणाली. "एवढं केलंस ते खूप झालं."

"राहू दे काय? पुढून उघडा करते."

त्या संध्याकाळी ताईसमोरच प्रतिक्षाने खांदे सोडवले आणि पुढचा भाग उसवायला घेतला. मे महिन्यापासून घातलेले टाके एकेक ओळीने सुटत गेले. लोकर नागमोडी होऊन मांडीवर पडत होती. समीक्षा डाव्या हाताने तिचा गुंडा करायला बघत होती. हातातून निसटून तो जमिनीवर गेला की सुजय मुकाट्याने उचलून द्यायचा.

गणपतीनंतर प्रतिक्षाने कारखान्यातलं काम सोडलं. मालक म्हणाले, कामाला कधीही ये. तिने घराला कुलूप लावलं आणि कपड्यांची बॅग घेऊन अष्टमीला आली. सुजयच्या शिफ्ट होत्या, घरात माणूस हवंच होतं.

समीक्षाने अजून हार मानली नव्हती. शर्यतीत नाव घातलेलं होतं, ते तिने काढू दिलं नाही. नवरात्रात ती काठी घेऊन पुलाच्या मध्यापर्यंत जायची. "धावायला नाय मिळालं तर चालेन," म्हणायची, "लोक चालत पण पुरी करतात." दिवाळीला पुलाच्या तोंडाशी पोचली आणि तिथूनच परतली. मग घराच्या फाटकापर्यंत. एके दिवशी फाटकाच्या आतच खाली बसली, आणि प्रतिक्षाने व शेजारणीने मिळून तिला उठवलं. त्यानंतर तिने बाहेर जायचं नाव काढलं नाही.

प्रतिक्षा विणत राहिली. आता समोरचे दोन भाग वेगवेगळे. मोठी बटणं आणली. मग ताईला बटण लावता येईना म्हणून बटणं काढून तिथे आत दाबून चिकटवायची वेल्क्रोची पट्टी शिवली. बाह्या रुंद केल्या, दुसऱ्याला हात घालून देता यावेत म्हणून. प्रत्येक वेळी माप बदलायचं, कारण ताई वाळत चालली होती. तिचं बोलणंही आता जड झालं होतं. ओळखीच्या माणसालाच नीट कळायचं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सुजय म्हणाला, "चाकाची खुर्ची हाय. सकाळी नेतो तिला पुलावर. सुरुवातीला उभी... म्हणजे बसेल. लोक बघतील, टाळ्या वाजवतील, बरं वाटेल तिला."

समीक्षा एकेक शब्द सावकाश म्हणाली, "माझ्यावर टाळ्या नको."

"अगं पण..."

"नको म्हटलं ना!" ती जेवढ्या जोराने ओरडू शकत होती तेवढ्या जोराने ओरडली. तिला ठसका लागला आणि तो थांबेपर्यंत दोघं तिला धरून बसले.

पहाटे गारठा होता. नदीवर धुकं होतं. प्रतिक्षाने ताईला पुरा झालेला स्वेटर घातला. आधी उजवा हात, मग पाठीमागून फिरवून डावा. मग समोरची पट्टी दाबली. रंग खुलत होता तिला. खांद्याजवळ एका ठिकाणी टाके ओढल्यासारखे झाले होते, ते ताईने बोटाने चाचपून पाहिलं.

"आई म्हणाली असती, उसव," समीक्षा म्हणाली.

"आई नाय ना इथं."

ताई हसली. पुलावरून लाऊडस्पीकरचा आवाज आला, कुणाचं तरी भाषण, मग शिट्टी. सुजय उठून खिडकी लावायला गेला.

"राहू दे उघडी," समीक्षा म्हणाली.

थोड्या वेळाने पायांचा आवाज आला. आधी तुरळक, मग खूप माणसांचा एकदम. खिडकीतून माणसं दिसत नव्हती, रस्ता वळणापलीकडे होता. समीक्षा डोळे मिटून ऐकत होती. प्रतिक्षाला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. तिचे ओठ हलत होते. बहुतेक ती श्वास मोजत होती, धावताना मोजायची तसे. सुजय मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती. प्रतिक्षाने जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिला ते जमलं नसतं.

ऊन वर आलं, धुकं गेलं. ताईच्या कपाळावर घाम आला.

"काढ गो," ती म्हणाली. "उकडतंय."

प्रतिक्षाने पट्टी सोडली, हात बाहेर काढले, स्वेटर घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग ती पेज करायला स्वयंपाकघरात गेली. आता ताईला भात गिळता येत नव्हता, पेजच लागायची, तीही चमच्याने, सावकाश. तांदूळ धुताना तिला बाहेर परतणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणाचा पाय दुखत होता, कुणाला पुढच्या वर्षी अजून जोरात धावायचं होतं. तिने गॅस पेटवला आणि पेजेला उकळी येईपर्यंत तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.