दुसरी लाइन

एक बंद पडली तर दुसरी असावी, म्हणून ऑफिसने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या. नेटवर्क सांभाळायचं लोढणं माझ्या गळ्यात. गटारासाठी रस्ता खणला आणि दोन्ही लाइन एकदमच गेल्या. जाऊन बघतो तर दोन्ही केबल एकाच नळीत, जुळ्या बहिणींसारख्या गळ्यात गळा घालून तुटलेल्या. काठावर दोन्ही कंपन्यांची माणसं उभी, हाताची घडी घालून.

"नळी त्यांची आहे, आधी ते जोडतील," एक म्हणाला. दुसराही तेच म्हणाला.

माझ्याबरोबर आलेल्या साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी तिथूनच तिसऱ्या कंपनीला बोलावलं. त्यांचा माणूस आला, खड्ड्यात डोकावला आणि खूश झाला.

"बरं झालं साहेब, आयतंच खणलंय. आमचीही यातूनच टाकतो."