माइलोच्या डब्यातला गोडा मसाला

लेबल

सिंगापुरातल्या बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये कुठल्याच डब्यात लेबलावरचं नसायचं. बिस्किटांच्या डब्यात पोहे. मिल्क पावडरच्या डब्यात साबुदाणा. सगळ्यात वरच्या फळीवर माइलो ह्या चॉकलेटी पेयाच्या पावडरीचा हिरवा डबा, त्यात नंदाच्या आईनं कुटलेला गोडा मसाला.

उत्पादन

सातारा, उन्हाळा २००५. त्याच ऑगस्टमध्ये आई गेली.

शिल्लक

तळाला थोडा. येत्या रविवारी वर्षश्राद्ध होतं. ते साताऱ्यात भाऊ करणार होता. इथे नंदा ह्या मसाल्याची आमटी करून आईच्या फोटोपुढे ठेवणार होती. म्हणून कितीतरी महिने तिनं त्या डब्याला हात लावला नव्हता.

घटक

नंदाच्या मुलीच्या, चैत्रालीच्या शाळेत आर्टच्या टीचरनी सूपच्या डब्यांचं ते प्रसिद्ध अमेरिकन चित्र दाखवलं. बत्तीस चौकटी, प्रत्येकीत एकच डबा, चवीचं नाव तेवढं वेगळं. आता तुमच्या घरातला डबा रंगवा, टीचर म्हणाल्या.

चैत्रालीनं माइलोचा डबा दप्तरात घालून नेला आणि हुबेहूब रंगवला. टीचर म्हणाल्या, ‘‘छान उतरलाय. पण तुझ्या डब्यात काय आहे?’’

तिनं झाकण उघडलं.

इशारा

शुक्रवारी संध्याकाळी डबा परत आला. धुऊन, पुसून.

‘‘ह्यातला मसाला कुठाय?’’ नंदानं विचारलं.

‘‘पेंटिंगमध्ये.’’

‘‘कशात?’’

‘‘ग्लूमध्ये मिक्स केला, आई. टीचर म्हणाल्या तोच बेस्ट पार्ट आहे, लाह.’’ इथल्या मुलांचं ते ‘लाह’ तिच्याही वाक्यांना चिकटायचं.

‘‘सगळा?’’

‘‘थोडासाच तर होता.’’

नंदानं डब्यात नाक घातलं. भांडी घासायच्या साबणातल्या लिंबाचा वास.

प्रकाश, तिचा नवरा, नुकताच बँकेतून आलेला. टाय सैल करत म्हणाला, ‘‘मी मुस्तफाच्या दुकानातून मसाल्याचं पाकीट आणतो ना.’’

‘‘ते पाकीट माझ्या आईनं कुटलंय का?’’

प्रकाशनं टाय काढून खुर्चीवर टाकला. चैत्राली म्हणाली, ‘‘तू तो कधी वापरतच नव्हतीस. वर ठेवून नुसती बघायचीस. मला वाटलं, तो बघायचाच आहे.’’

नंदानं गॅस चालू केला. मग बंद केला. त्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

वापरण्याची पद्धत

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन. आईबाप हात मागे बांधून, दोन पावलं लांबून चित्रं बघत होते. चैत्रालीच्या चित्रात हिरवा डबा होता, झाकण अर्धवट उघडं, आणि आत तपकिरी, दाणेदार थर. नंदा अगदी जवळ गेली.

‘‘आंटी, प्लीज डोन्ट टच,’’ बॅज लावलेली एक मुलगी म्हणाली.

‘‘नो टच,’’ नंदा म्हणाली. ‘‘ओन्ली स्मेल.’’

‘‘आई!’’ चैत्रालीनं तिची ओढणी ओढली. ‘‘सगळे बघतायत.’’

‘‘बघू देत. बघायलाच आलेत.’’

आधी नुसता गोंद. मग, जिथे थर जाड होता तिथे, दगडफूल. थोडे तीळ. आणि त्यांच्या मागून आणखी एक वास, तो तिला पटकन ओळखावासा वाटला नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला.

‘‘खोबरं खवट झालंय.’’

‘‘मीन्स?’’

‘‘म्हणजे कधीच खाऊन टाकायला हवा होता.’’

मुदत

प्रदर्शन त्याच संध्याकाळी संपलं आणि चित्र घरी आलं. रविवारी नंदानं पाकिटातल्या मसाल्याची आमटी केली. फोटोपुढे ताट ठेवलं. मग आतून चित्र आणून फोटोशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं.

प्रकाशनं वाकून बघितलं. ‘‘सासूबाईंना माइलो?’’

नंदाला हसू फुटलं, शुक्रवारनंतर पहिल्यांदा, आणि त्यातच डोळे भरून आले. ‘‘तिला चहाच लागायचा,’’ ती म्हणाली.

जेवताना चैत्रालीनं विचारलं, ‘‘ही आजीच्या आमटीसारखी आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘बॅड?’’

‘‘नाही गं. वेगळी आहे. वाढू का अजून?’’

जेवणं झाल्यावर नंदानं पाकिटात उरलेला मसाला माइलोच्या डब्यात ओतला, झाकण दाबून बसवलं, आणि डबा गॅसजवळ, खालच्या फळीवर ठेवला.