न कातरलेले कान

बावीस वर्षं मी उंदरांचे कान कातरतेय. खाच म्हणजे कॅन्सरचा विषाणू टोचलेला, अख्खा कान म्हणजे निरोगी. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर पुरुष समुद्रावर जातात आणि बायका संशोधनकेंद्रात उंदीर सांभाळतात. तो विषाणू घरात नको, म्हणून रोज घरी गेल्यावर ब्लीचने कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय मी पोरांना कधी शिवले नाही. आजवर माझी एक खाच चुकलेली नाही. आणि अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात डॉक्टर लिंडक्विस्ट मला म्हणतात, "व्हर्नाबाई, तुम्ही पिंजरे बदललेत!"

विषाणूतला कॅन्सरचा जीन निरोगी उंदरात नसतो, हे त्यांना दाखवायचं होतं. जीन असेल तिथे एक्स-रेच्या फिल्मवर काळा डाग पडतो. डाग दोन्हीकडे पडला होता, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर!

"पुन्हा करतो. परत डाग आला, तर सोमवारपासून येऊ नका."

नवरा कंबर मोडून घरी पडलेला, चूल माझ्या पगारावर. या खेपेला अख्ख्या कानांची पिल्लं मीच निवडली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. शुक्रवारी फिल्म आली. परत डाग.

डॉक्टरांनी ती माझ्यासमोर धरली. माझं डोकंच फिरलं. बाही वर सारली. "घ्या माझं रक्त! मला तर कुणी टोचलं नाही ना? की मीही बदललेल्या पिंजऱ्यातली?"

"बाई, वेडेपणा करू नका."

"घ्या म्हणते ना!"

त्यांच्या मदतनीस आर्डिसने हसू दाबत रक्त घेतलं. पुढच्या आठवड्यात मला बोलावून तिने फिल्म उजेडात धरली, आणि तिचं हसू पळालं. माझ्या रक्ताच्या रांगेत डाग होता. फिकट, पण डागच.

डॉक्टरांनी फिल्म तिच्या हातातून घेतली. "पिंजरे बरोबर होते, बाई. हा जीन मुळात विषाणूचा नाहीच. त्याने तो उंदराकडूनच उचललाय. तो सगळ्यांतच असतो. बिघडला की कॅन्सर."

"सगळ्यांत?"

"तुमच्यात, माझ्यात. तुमच्या मुलांत. जन्मापासून."

ते माफी मागत होते, सोमवारी या म्हणत होते. मला धड ऐकूच येईना. काखेत कळसा आणि बावीस वर्षं मी ब्लीच घासतेय!

घरी गेले. सवयीने मोरीत नळ सोडला. दोन वर्षांची नात नोला दारातच थांबली, शिकवलंय तसं.

"आजी, झाले हात?"

नळ बंद केला आणि तिला तशीच उचलली.