फक्त आईचं

पनवेलजवळच्या विचुंब्यात आता जिथे उंच इमारती आहेत तिथे भाताची खाचरं होती, तेव्हापासून ठमाबाई बाळंतिणींचं अंग चोळत आली होती. त्या काळी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असायची, ओव्याच्या धुरीने घर भरून जायचं आणि वाटेने जाणाऱ्यालाही वासावरून कळायचं, या घरात कोणी बाळंत झालंय. मग दवाखाने आले, खाचरं गेली आणि ठमाबाईला बोलावणारं कुणी उरलं नाही. तेल तापवायची सवय तेवढी राहिली. संध्याकाळी ती स्वतःचेच गुडघे चोळत बसायची.

यंदा तिच्या नातसुनेने, मोनालीने, मनावर घेतलं. "आजी, नवीन पनवेलात बाळंतिणीकडे बघायला माणूस नाही. आई गावाला, सासू नोकरीला. तुमचे हात आणि माझा डबा, आपण धंदाच सुरू करू." धंद्याचं नाव ठेवलं 'सव्वा महिना' आणि मोबाईलवर जाहिरात टाकली.

"माजा फोटू कशाला टाकलास गो? तोंडात दात नायत."

"म्हणून तर टाकला. अनुभव दिसतो."

पहिला फोन रोडपालीहून आला. शैलेश नावाचा तरुण होता, बायको बाळंत झालेली. "फक्त आईचं करा, बाळाचं नको," एवढंच म्हणाला. मोनालीला वाटलं, बाळाला न्हाऊ घालायला त्यांची दुसरी बाई असेल. आदल्या दिवशीच तिने अळिवाचे लाडू पोचते केले. बाळंतिणीला आधी अळीव, दूध भरून यावं म्हणून. हे ठमाबाईनेच तिला शिकवलं होतं.

सकाळी दोघी गेल्या. दार शैलेशच्या आईने उघडलं आणि न बोलता आतली खोली दाखवली. तिची सून दिपिका कानाला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ठमाबाईने तेल कोमट केलं, पायांपासून सुरुवात केली. हात चालू झाले की तिचं तोंडही चालू व्हायचं, आजवरचा रिवाज.

"पोरगा का पोरगी?"

"मुलगा."

"कोनावं गेलाय?"

दिपिकाने रुमाल कपाळावर ओढला. असते एखादी लाजरी, म्हणून ठमाबाईनेच पुढे रेटलं. "बापावं गेला असंल. आन त्याला. आदी पाजून घे, मंग कंबरेला हात लावतंय."

"मला दाखवलाच नाही, मावशी." दिपिका भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली. "पोटातच गेला होता. सगळे म्हणाले, बघू नकोस, मग डोळ्यांसमोरून हलणार नाही." तिचा गाऊन छातीवर ओला झाला होता. "दूध मात्र येतंय. कालपासून तर थांबतच नाही."

कालपासून. म्हणजे लाडू खाल्ल्यापासून.

ठमाबाईचे हात जागच्या जागी राहिले. दाराशी उभ्या मोनालीचा चेहरा उतरला. ती स्वयंपाकघरात गेली आणि लाडवांचा डबा मुकाट्याने पिशवीत घालून घेतला.

शैलेशची आई टॉवेल घेऊन आत आली होती. "त्याने सांगितलं नाही का तुम्हाला? त्याच्या तोंडून शब्दच निघत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "राहू दे आता, मावशी. त्याचा हट्ट म्हणून बोलावलं. बाळच नाही, तर बाळंतपण कसलं? कामाला लागली की विसरेल."

ठमाबाईला तिची धाकटी जाऊ आठवली. तिचाही असाच गेला होता. कुणी पाणी तापवलं नाही, कुणी पोट बांधलं नाही, लगेच भाताच्या लावणीला उभी केली. पोराला पुरायला खाडीकाठी नेणारा त्या जावेचाच नवरा, काशिराम. त्याला ती विचारायची, कसा होता? तो उठून बाहेर जायचा. म्हातारी होईस्तोवर ती रस्त्यातल्या प्रत्येक पोराचं तोंड निरखून बघायची, आणि बाया आपली पोरं पदराआड घ्यायच्या.

"विसरत नाय कोनी, वयनी," ठमाबाई म्हणाली. "पोर गेला, पन हिची हाडं तर मोकली झालीत ना? बाळंतीन ती बाळंतीनच." तिने पुन्हा तेलात बोटं बुडवली. "तुमी बगितलाव त्याला?"

"मीच गुंडाळला."

"मंग सांगा हिला."

"कशाला आणखी रडवायचं तिला?"

"रडंल. रडू दे."

दिपिकाने पहिल्यांदा तोंड फिरवलं. "आई, सांगा ना."

सासू पलंगाच्या कडेवर टेकली. टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली.

"केस होते. पुष्कळ. कपाळाला चिकटलेले."

"आणि?"

"हनुवटी तुझी. अशीच खळी." तिने सुनेच्या हनुवटीकडे बोट नेलं, पण लावलं नाही. "बोटं लांब, शैलेशसारखी. नखं वाढलेली. माझ्या मनात आलं, घरी नेलं की आधी नखं काढायला हवीत..." पुढचं तिला बोलता येईना. इतक्या दिवसांत त्या घरात ती पहिल्यांदा रडत होती.

ठमाबाई दिपिकाची पावलं मांडीवर घेऊन चोळत राहिली.

"डोळे?" दिपिकाने विचारलं. "डोळे कुणावर गेले होते, आई?"

सासूने टॉवेलाने तोंड पुसलं.

"मिटलेले होते गं," ती म्हणाली. "ते नाही मला सांगता येणार."