नवरीशिवाय हळद

कुवेतची माणसं थंडीत वाळवंटात तळ ठोकून राहतात हे तिथे नोकरीला गेल्यावर पाहिल्यापासून अझहरच्या डोक्यात चाकांवरच्या घराचं खूळ शिरलं होतं. या सुट्टीत त्याने मुंबईहून कॅम्पर व्हॅन भाड्याने आणली, तिच्यात वासिफ नावाच्या पैसेवाल्या मित्राला बसवलं, बायकोलाही घेतलं आणि आपल्याच मुलखात तो पर्यटक होऊन हिंडू लागला. श्रीवर्धनला आईचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण चिरंजीवांचा मुक्काम वाळूवर, व्हॅनमध्ये.

त्याच्या बायकोला, जुनेराला, बोलायचं होतं ते एकदाच, शेवटी. तिच्या वडिलांची, अब्दुस्समदची, पोफळीची वाडी समुद्राला लागून होती. ती तोडून तिथे अशा गाड्यांचा तळ करायचा आणि पैसे वासिफने घालायचे, असा अझहरचा बेत होता. अब्बांनी जावयाला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वाडी पुढे जुनेराचीच, तेव्हा ती तुमच्याबरोबर फिरून येईल, बघेल, आणि ती म्हणेल तसं करू, एवढंच ते म्हणाले. जुनेरा शाळेत विज्ञान शिकवत असे. मत बनवण्याआधी नीट बघावं, ही तिची सवय होती.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. थळच्या अलीकडे एका रिसॉर्टवर कोळीनृत्य झालं. टोपल्यांत थर्माकोलचे मासे होते आणि नाचणारी मुलं नव्या मुंबईतल्या क्लासची. खऱ्या कोळणी दोन शेतं पलीकडे सुकट वाळवत होत्या. त्या वासाने वासिफने काच वर केली. चौलच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यात व्हॅन अडकली, तेव्हा अझहरने आंब्याच्या फांदीला शिव्या घातल्या, जणू तीच आडवी घुसली होती. वाटेत दिसलेली प्रत्येक जुनी भिंत त्याने पोर्तुगीजांच्या नावावर केली. वासिफने प्रत्येक भिंतीसमोर फोटो काढला, स्वतःचा. मग याहून काही 'ऑथेंटिक' नाही का, असं त्याने विचारलं. अझहरने लगेच आईला फोन लावला.

हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका जमव आणि उद्या संध्याकाळी किनाऱ्यावर घेऊन ये, एवढंच त्याने सांगितलं. त्याच्या आईने, कुलसुमने, कारण विचारलं नाही. हळदीची गाणी कशासाठी म्हणतात हे काय विचारायचं? मित्राचं लग्न जमलं असणार. हल्ली लोक वाळूतही निकाह लावतात. तिने सांदणं उकडली, मेंदी भिजवली, नवरीसाठी मोगऱ्याचा गजरा ओवला. संध्याकाळी ठेवणीतले कपडे घातलेल्या शेजारणींना घेऊन ती व्हॅनपाशी आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "नवरी कुठं हाय?"

या सहलीत जुनेराला प्रथमच लाज वाटली. बायकांची नव्हे.

अझहर हसला. नवरीबिवरी कुणी नाही, हा नुसता नमुना आहे, पुढे गिऱ्हाइकांना नवरा-नवरी करून बसवायचं, आज फक्त व्हिडिओ काढू, असं त्याने आईला समजावलं. दोन खुर्च्या मांडल्या. वासिफ हाफ पँटमध्येच एका खुर्चीत जाऊन बसला. दुसरी रिकामी राहिली. अझहरने बायकोकडे पाहिलं.

"जुनेरा, बस ना जरा."

एका शेजारणीने तोंडावर ओढणी घेतली. कुलसुमने लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझ्या बायकोला दुसऱ्याच्या नावाची हळद लावू? आन् गानी आमी म्हनू? मग निकाह पन लावून टाक, बाबा. सांदणं तयारच हायत."

बायका खदखदून हसल्या. वासिफही हसला, पण खुर्ची सोडली नाही.

"अम्मी, नाटक आहे हे," अझहर म्हणाला, आणि मग दात आवळून बायकोला, "सगळं याच्यावर अडलंय. बस."

जुनेरा त्याच्याकडे पाहत राहिली. झाडं तोडणार म्हणून त्याचा राग आला होता तिला. पण राग निवळतो. आता राग उरला नव्हता. पैसेवाल्याच्या शेजारी खुर्ची रिकामी दिसली की या माणसाला तिथे बसवायला घरातलं काहीही चालत होतं. गाणी, बायको, वाडी, सगळं एका रांगेत.

"वासिफभाई, उठा," ती म्हणाली. "वाडी मिळणार नाही. अब्बांना तसं सांगते."

वासिफ अझहरकडे वळला. "तू तर म्हणाला होतास, घरचीच आहे."

"घरचीच आहे," जुनेरा म्हणाली.

सांदणांच्या पातेल्याचा एक कान तिने धरला, दुसरा सासूने. बायका मागोमाग निघाल्या. त्यांची थट्टा अजून संपली नव्हती; ती आता वासिफच्या उघड्या गुडघ्यांवर आली होती. मागून अझहर हाका मारत होता. सुरूच्या झाडांपर्यंत आल्यावर कुलसुमचा पाय अडखळला. शेवटी पोटचं पोर.

"जेवायचं काय करंल तो?"

"व्हॅनमध्ये स्वयंपाकघर आहे, अम्मी," जुनेरा म्हणाली. "चला."